पेट्रोल आलं तरच गॅस

उद्यमनगरात आमची शेड रस्त्याला लागूनच होती. अर्धी माझी, अर्धी मिस्त्रींची. मधे भिंत नव्हती. जिथपर्यंत फरशी तेलानं काळी झालेली तिथपर्यंत मिस्त्रींची हद्द, त्यापुढं माझी. त्यांच्या बाजूला इंजिनं उघडी पडलेली असायची आणि माझ्या बाजूला डायनॅमो, सेल्फ, बॅटऱ्या आणि वायरींची भेंडोळी. मी मूळचा कोडोलीचा. घरची शेती थोरले भाऊ बघायचे. मी आयटीआयचा वायरमनचा कोर्स केला, कोल्हापुरात आलो आणि गाड्यांच्या वायरिंगला लागलो तो कायमचा.

मिस्त्री माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. मुसलमान घराणं, पिढ्यानपिढ्या कोल्हापुरात मुरलेलं. त्यांचे वडील संस्थानच्या काळात मोटारी दुरुस्त करायचे. मिस्त्रींचा हात इंजिनावर असला की त्यांना बोललेलं आवडायचं नाही. इंजिनाचा आवाज ऐकताना ते डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून उभे राहायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणसाची मान आखडली असावी.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची.

आमच्याकडं एक डॉक्टरबाई गाडी घेऊन यायच्या. त्या ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं काम करायच्या. गावातल्या चार-पाच दवाखान्यांत त्यांना बोलावणं असायचं, शिवाय कागल, राधानगरीकडंही जावं लागायचं. गाडी म्हणजे त्या काळी निम्म्या डॉक्टरांकडं असायची तसलीच, चारदारी, गोलसर पाठीची. पण बाई ती चालवायच्या मात्र वेगळीच. राधानगरीच्या रस्त्यावर एसटीवाले त्यांना ओळखायचे आणि आपणहून बाजू द्यायचे, असं मिस्त्री सांगायचे. गावाबाहेर उजळाईवाडीच्या माळावर विमान उतरायची पट्टी होती. तिथं विमान येणं हीच बातमी असायची. त्या पट्टीवर मोटारींची हौस असलेली मंडळी परवानगी काढून वर्षातून एक दिवस गाड्या पळवायची. पुण्याचे, बेळगावचे, सांगलीचे लोक यायचे. बाईंनी आदल्या वर्षी आपली गाडी तिथं पळवली होती. शेवटून दुसऱ्या आल्या होत्या. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसत नव्हतं, पण पुढच्या वर्षी परत जायचं हे मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एक दिवस सकाळी त्या आल्या आणि मागच्या सीटवरून एक खोकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांचा भाऊ अमेरिकेत मोटारींच्याच धंद्यात होता, सुट्टीवर येताना त्यानं आणलेलं. आत एक निळी रिकामी बाटली, हाताच्या दंडाएवढी जाड. जाळीदार वेष्टणाची एक नळी. एक फवारा. आणि पितळेचे दोन जड ठोकळे, प्रत्येकातून दोन-दोन वायरी निघालेल्या.

"हे काय ओ बाई?" मी विचारलं.

"नायट्रस ऑक्साइडचं सामान आहे. हसवणारा वायू म्हणतात ना, तो. मी पेशंटला देते तोच. इंजिनाला दिला की इंजिन एकदम जोर धरतं."

मिस्त्री हातातलं फडकं तसंच धरून आले. "आता इंजिनाला हसवणार व्हय?"

बाई हसल्या. मग त्यांनी तिथंच स्टुलावर बसून आम्हाला नीट समजावून सांगितलं. या वायूत प्राणवायू कोंडलेला असतो. इंजिनाच्या आत उष्णतेनं वायू फुटतो आणि तो प्राणवायू मोकळा होतो. प्राणवायू जास्त मिळाला की पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि ताकद वाढते. म्हणून दोन ठोकळे. दोन्ही विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह. एकातून गॅस, दुसऱ्यातून जादा पेट्रोल.

"आणि पेट्रोल आलंच न्हाय, नुसताच गॅस आला तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तर आतली आग फार कडक होते. पिस्टन वितळतो."

"झालं!" मिस्त्री म्हणाले. "बाई, ह्ये इंजिन म्या दोनदा बांधलंय. ह्याचा आवाज मी झोपेत वळकीन. मी न्हाय हात लावणार."

बाईंनी वाद घातला नाही. त्या माझ्याकडं वळल्या. मिस्त्रींना त्या चाचा म्हणायच्या. "भाऊ, चाचांचं बरोबर आहे. म्हणूनच हे काम आधी तुमचं आहे. गॅस नको तेव्हा यायलाच नको, असं वायरिंग होईल का? झालं तरच आपण चाचांना विचारू. नाही झालं तर खोकं बंद करून माळ्यावर."

मला ते फार आवडलं. आजवर मला कुणी असं काम दिलं नव्हतं. लोक यायचे ते हॉर्न वाजत नाही म्हणून, नाहीतर दिवे मंद झाले म्हणून. वीज यावी म्हणून सगळे यायचे. वीज वेळेला थांबावी म्हणून पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट त्याच दिवशी सांगून टाकली. बाटली भरायला दवाखान्यातला गॅस त्या वापरणार नव्हत्या. "पेशंटच्या नावानं आलेलं सिलिंडर पेशंटचंच," त्या म्हणाल्या. मिरजेला गॅस भरून देणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याशी त्यांनी स्वतः बोलून, कशासाठी हवाय ते उघड सांगून, वेगळी सोय केली. बाटली डिकीत कशी आवळायची, तिला ऊन आणि धग कशी लागू द्यायची नाही, हे सगळं त्यांनीच बघितलं. आणि आम्हाला ताकीद दिली, की गंमत म्हणून कुणी नळीला नाक लावायचं नाही.

मी कामाला लागलो. मनाशी एक साखळी धरली. बॅटरीजवळ आधी फ्यूज. मग किल्ली, म्हणजे गाडी बंद तर सगळंच बंद. मग डॅशबोर्डवर एक खटका, वर लाल टोपण असलेला, चुकून हात लागू नये म्हणून. मग पाय. पॅडल अगदी तळाला टेकल्यावरच वीज पुढं जावी, म्हणून कार्बोरेटरच्या दांडीपाशी एक मायक्रोस्विच बसवायचा. असले स्विच लेथ मशिनांना लागतात आणि उद्यमनगरात लेथची काय कमी! शेजारच्या कारखान्यातून मागून आणला. व्हॉल्व्ह वीज फार ओढायचे, एवढासा स्विच जळून गेला असता, म्हणून मधे ट्रकच्या हॉर्नचा रिले. छोट्या विजेनं रिले ओढायचा आणि मोठी वीज रिलेनं सोडायची.

राहिला मिस्त्रींचा प्रश्न. पेट्रोल आलंच नाही तर? कार्बोरेटरला आधीचा पंप होताच. जादा पेट्रोलासाठी आम्ही विजेचा वेगळा पंप घेतला होता. त्याच्या नळीत दाब आहे की नाही हे कळायला हवं होतं. मी गाडीतल्या तेलाच्या लाल दिव्याचा स्विच घेतला. तेलाचा दाब कमी झाला की हा स्विच जुळतो आणि दिवा लागतो. तोच पेट्रोलच्या नळीत बसवला. दाब गेला की स्विच जुळेल, एक दुसरा रिले ओढेल आणि तो रिले गॅसची वाट तोडेल. टेबलावर मांडून बघितलं. झकास चाललं. मी खूश.

वायरींना वरून कापडी पट्टी गुंडाळायची होती. ती माझ्या बायकोनं गुंडाळली. तिचा हात असल्या कामाला माझ्याहून बरा. घरी चटईवर वायरी पसरून बसली आणि एकसारखी, एकावर अर्धी अशी पट्टी चढवत गेली.

"कुणाची गाडी म्हणालासा?" तिनं विचारलं.

"डॉक्टरबाईंची."

"मग ह्यो रंग कुठला कुठं जातोय ते तरी सांगा की. नुसतं गुंडाळून काय कळतंय मला?"

मी तिला सगळं सांगितलं. लाल कुठून येते, पिवळी कुठं जाते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बाईंनी पाय उचलला की सगळं गप. बरं हाय." तेव्हापासून घरी त्या कामाचं नाव 'बाईंचं गप' असंच पडलं.

काम एवढ्यावर आलं असताना बाईंनी मला एका दवाखान्यात बोलावलं. ऑपरेशनच्या खोलीतला एक प्लग ठिणग्या टाकत होता, तो बघायला. दुपारची वेळ, खोली मोकळी. प्लग बदलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "या, तुम्हाला माझी गाडी दाखवते." आणि भूल द्यायचं यंत्र दाखवलं. चाकांवरचा एक उंच गाडा. एका बाजूला प्राणवायूची काळी सिलिंडरं, एका बाजूला नायट्रसची निळी. बाईंनी कळ फिरवली तशा काचेच्या नळ्यांत छोट्या भिंगऱ्या तरंगायला लागल्या, वायू किती वाहतोय ते दाखवणाऱ्या.

"चाचांना आहे तीच काळजी इथं मला आहे," त्या म्हणाल्या. "प्राणवायू संपला आणि नुसता नायट्रस चालू राहिला, तर पेशंट हातचा जातो. म्हणून प्राणवायूचा दाब उतरला की शिट्टी वाजते."

"मी पण तसंच केलंय बाई," मी उत्साहानं म्हणालो आणि माझी दोन रिलेंची युक्ती सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा जुन्या यंत्रांवरची शिट्टी बॅटरीवर चालायची. बॅटरी उतरली की शिट्टी मुकी. आणि बॅटरी उतरलीय हे कुणाला कळायचंच नाही. राखणदार झोपलाय हे घरात कसं कळणार? आता ही शिट्टी प्राणवायूवरच वाजते. तुमच्या त्या दुसऱ्या रिलेची वायर तुटली, तर काय होईल?"

मी मनातल्या मनात ती वायर तोडून बघितली. वायर तुटली तर रिले ओढलाच जाणार नाही. ओढला गेला नाही तर वाट तुटणार नाही. पेट्रोल नसेल आणि गॅस चालूच राहील. माझा राखणदार जागा असला तरच कामाचा होता, आणि तो झोपला तर दार सताड उघडं.

"उलटं पायजे," मी म्हणालो. "दाब आला तर वीज. दाब न्हाय, वायर न्हाय, काय बी न्हाय, तर बंद."

"हां," बाई म्हणाल्या. "तसं."

मी सायकल हाणत शेडवर आलो आणि दुसऱ्या रिलेचं जुळवलेलं सगळं कात्रीनं कापून टाकलं. मिस्त्री बघत होते. काय झालं म्हणाले, तर सांगितलं. दाब आल्यावर जुळणारा, आणि तोही पेट्रोलच्या एवढ्याशा दाबावर जुळणारा स्विच मला कुठं मिळेना. ब्रेकच्या दिव्याचा स्विच दाबावर जुळतो, पण त्याला ब्रेकचा दणदणीत दाब लागतो, पेट्रोलच्या दाबाला तो दाद देत नाही. बाजारात दोन दिवस फिरलो. कुणी म्हणालं पुण्याला बघा, कुणी म्हणालं साखर कारखान्याच्या बॉयलरवाल्याला विचारा.

तिसऱ्या दिवशी मी आलो तर मिस्त्री त्यांच्या छोट्या लेथवर होते. समोर तेलाच्या दिव्याचा स्विच उकलून ठेवलेला. पत्र्याची कडा अलगद उलगडून त्यांनी आतलं पोट बाहेर काढलं होतं.

"तू म्हणालास ते डोस्क्यातनं जाईना," ते मान वर न करता म्हणाले. "ह्यात पडदा हाय, स्प्रिंग हाय, आणि पत्ती हाय. पत्ती पडद्याच्या ह्या अंगाला हाय म्हणून दाब आला की सुटती. त्या अंगाला बसीवली तर दाब आल्यावर चिकटंल का न्हाय?"

"चिकटंल की!"

"मग गप ऱ्हा आणि बघ."

त्यांनी नवं पितळी घर कातलं, पेट्रोलनं विरघळणार नाही असा पडदा कार्बोरेटरच्या पंपातून काढून घातला, आणि स्प्रिंग नरम करत करत आणली. सायकलच्या पंपानं हवा भरायची, गेज बघायचं आणि माझा बल्ब लागतो का बघायचं, असं आम्ही दोघांनी सकाळभर केलं. हवा सोडली की बल्ब जायचा. वायर काढली की बल्ब जायचा. मिस्त्रींनी शेवटी ते घर रॉकेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"म्हंजे तुमी हात लावला की इंजिनाच्या कामाला," मी म्हणालो.

"ह्ये इंजिन न्हाय, स्विच हाय," ते म्हणाले. पण संध्याकाळी कार्बोरेटरखाली फवारा बसवायला भोक कुठं पाडायचं, याचा विचार करत डोळे मिटून उभे होते.

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. दुसऱ्या गाड्यांचं काम उरकायचं आणि मग बाईंच्या गाडीला लागायचं. प्रत्येक टोकाला कथलाचा डाख दिला. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यातून वायरी जातात तिथं रबरी कडं घातलं, नाहीतर पत्रा हळूहळू वायर कापतो. गॅसच्या नळीपासून वायरी लांब नेल्या. डॅशबोर्डवर एक छोटा हिरवा दिवा लावला, रिले ओढला की लागणारा. मिस्त्रींनी आपले नियम घातले: पहिल्या गिअरला गॅस नाही, इंजिन गरम झाल्याशिवाय नाही, आणि एका दमात थोडाच वेळ. बाईंनी ते शाळेतल्या मुलीसारखे पाठ म्हणून दाखवले.

मग परीक्षा घेतली. बाटली गाडीत नव्हतीच. नुसती बॅटरी आणि पंप चालू. व्हॉल्व्ह उघडला की 'टक' असा आवाज यायचा आणि मिटला की जरा बारीक 'टक'. बाईंनी पॅडल दाबून धरायचं, मी एकेक वायर काढायची आणि प्रत्येक वेळी मिटल्याचा 'टक' ऐकू आला पाहिजे, असं ठरलं. मिस्त्री बॉनेटपाशी कान देऊन उभे. फ्यूज काढला, टक. खटका, टक. मायक्रोस्विचची वायर, टक. पेट्रोलचा पंप बंद केला, क्षणभरानं टक. मी खुशीत येऊन हात पुसायला लागलो.

"आता दिवे लावून करा," बाई म्हणाल्या.

"दिव्यांचा काय संबंध, बाई?"

"नसेल काही. पण पेशंट टेबलावर असतो तेव्हा खोलीतलं सगळं चालू असतं. मी नुसतं यंत्र तपासत नाही, सगळं चालू करून तपासते."

दिवे लावले. पुन्हा एकेक वायर. हिरव्या दिव्याची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी, वायर काढली, ती काढल्यानं काही व्हायला नकोच होतं. मग बाईंनी पॅडलवरचा पाय उचलला.

आवाज आला नाही.

मिस्त्रींनी डोळे उघडले. बाईंनी पाय दोनदा दाबून उचलून दाखवला. व्हॉल्व्ह उघडेच. दिवे बंद केले आणि लगेच 'टक'.  मी गाडीच्या खाली, वर, डॅशबोर्डच्या मागं असा तासभर मान घालून बसलो आणि तेव्हा सापडलं. मीटरच्या दिव्याला आणि माझ्या हिरव्या दिव्याला मी अर्थ एकाच वायरनं दिला होता. ती सुटली की मीटरच्या दिव्याची वीज वाट शोधत उलटी माझ्या दिव्यातून शिरायची आणि रिलेपर्यंत पोचायची. तेवढ्या विजेनं रिले ओढला गेला नसता, पण एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला ती पुरत होती.

"एवढीशी वीज, दिव्यातनं उलटी?" मिस्त्रींचा विश्वास बसेना.

"बगा की तुमीच," म्हणून मी त्यांना बल्बवर दाखवलं. त्यांनी मान हलवली. "लई चालू हाय ही वीज," एवढंच म्हणाले.

मी हिरवा दिवा रिलेच्या पुढच्या बाजूला नेला आणि त्याला स्वतःचा वेगळा अर्थ दिला. मग परत सगळी परीक्षा, दिवे लावून, हॉर्न वाजवत, वायपर फिरवत. शेजारच्या कारखान्यातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. एकानं विचारलं, "काय पावणं, वरात निगाली काय?" बाईंनी त्यालाही हॉर्न वाजवून उत्तर दिलं.

गाड्यांचा दिवस उजाडला. उन्हाळा नुकता लागला होता. माळावर उसाच्या रसाची गाडी आलेली, भेळवाला आलेला, गावचे लोक सायकली लावून पट्टीच्या कडेला बसलेले. बायकोलाही मी घेऊन गेलतो. तिनं एवढ्या मोटारी एका जागी कधी बघितल्या नव्हत्या. पण तिचं लक्ष बॉनेट उघडल्यावर आपल्या पट्टीवरच होतं. "नीट बसलीय," ती समाधानानं म्हणाली.

गाड्या एकेक करून पळवायच्या आणि वेळ मोजायचा, असा प्रकार. तीन फेऱ्या मिळायच्या, सगळ्यांत चांगली धरायची. बाईंनी पहिली फेरी गॅसशिवाय मारली. बरी झाली. दुसऱ्या फेरीला मिस्त्रींनी बाटलीचा कॉक उघडला, इंजिनाला हात लावून गरमी बघितली आणि बाजूला झाले. गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि मग आवाज बदलला. मी तो आवाज सांगू शकत नाही. गाडीची मागची बाजू जरा खाली बसली आणि गाडी कुणीतरी मागून ढकलल्यासारखी पुढं झेपावली. लोक उठून उभे राहिले. आणि निम्म्या पट्टीवरच ती झेप एकदम संपली. गाडी चालत राहिली, पण आपल्या नेहमीच्या चालीनं.

"फ्यूज उडाला वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. "ओ वायरमन, काडेपेटी देऊ का?" लोक हसले. माझे कान तापले. बायको माझ्याकडं न बघता पट्टीकडं बघत राहिली, हे मला तेव्हाही कळलं आणि बरं वाटलं.

बाई परत आल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, "हिरवा दिवा गेला. मी खटका बंद केला आणि तशीच आले." मी साखळी तपासली. फ्यूज शाबूत. मायक्रोस्विच ठीक. वायर एकही सुटलेली नाही. मग मिस्त्रींनी मला कोपरानं बाजूला सारलं आणि नव्या पंपाच्या पुढची पेट्रोलची जाळी उघडली. आत तांबूस गाळ गच्च बसलेला. टाकीतला जुना गंज. राधानगरीच्या रस्त्यावर बाई कितीही जोरात गेल्या तरी एका पंपाच्या ओढीनं तो कधी ढवळला नव्हता. आज एवढ्या जोरात ओढ लागल्यावर तो उठला आणि जाळीत येऊन बसला. पेट्रोल तुटलं, स्विचनं वाट तोडली, गॅस मिटला.

मिस्त्रींनी चारही प्लग काढले. एकेक उन्हात धरून बघितला. टोकं तपकिरी, ठाकठीक. कुठं वितळल्याची खूण नाही. शेवटचा प्लग बघून झाल्यावर ते गाडीच्या मडगार्डला टेकून उभे राहिले आणि तो प्लग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मग म्हणाले, "जेवलास का?"

मी म्हणालो, "न्हाय."

"मग चल, भेळ खाऊया. जाळी वाळूद्या."

मघाशी काडेपेटी देऊ करणारा माणूस तिथंच उभा होता. मिस्त्रींनी त्याला बोलावून जाळीतला गाळ दाखवला आणि काय झालं ते सबंध समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. तो माणूस सांगलीचा ट्रान्सपोर्टवाला निघाला. पुढं त्याचे ट्रक वायरिंगला आमच्याकडं यायचे.

तिसऱ्या फेरीला गाडी शेवटपर्यंत एका दमात गेली. मी ती फेरी नीट बघितलीच नाही. माझे डोळे गाडीवर होते, पण कान त्या आवाजातल्या बदलावर, आणि तो तुटतोय का याच्यावर. तुटला नाही. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गाडी लहान झाली, वळली, आणि बाई खिडकीतून हात बाहेर काढून हलवत परत आल्या. त्या दिवशी त्यांच्यापेक्षा चांगली वेळ फक्त पुण्याच्या एका गाडीची होती, आणि ती गाडी मुळातच पळवण्यासाठी बांधलेली होती. बाईंना एक पितळी पेला मिळाला. त्यांनी त्यात उसाचा रस घालून आधी माझ्या बायकोला दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांना राधानगरीला जायचं होतं. त्याच गाडीनं गेल्या. बाटली आणि व्हॉल्व्ह त्याआधी काढून ठेवले. गाडी कामाची होती आणि पेशंटकडं जाताना डिकीत असलं काही नको, असं त्यांचं म्हणणं. नंतर वर्षातून एकदा ते सामान जोडायचं आणि परत काढायचं, असं चार-पाच वर्षं चाललं. जोडताना परीक्षा पहिल्यापासून, दिवे लावून. बायकोनं गुंडाळलेली पट्टी मी एकदाही उकलली नाही.

त्याच पावसाळ्यात बाईंनी मला आणखी एक काम दिलं. तेव्हा वीज वरचेवर जायची. ऑपरेशन चालू असताना वीज गेली की कुणीतरी टॉर्च धरून उभं राहायचं. मी गाडीची बॅटरी, गाडीचा दिवा आणि एक रिले घेतला. रिले गावातल्या विजेनं ओढून धरायचा. वीज गेली की रिले सुटेल आणि सुटला की बॅटरीचा दिवा लागेल. खटका शोधायला नको, कुणाला आठवण ठेवायला नको. मिस्त्रींनी दिव्याला छताखाली कुठंही वळेल असा लोखंडी हात करून दिला. आम्ही दोघं चपला बाहेर काढून त्या खोलीत शिरलो आणि ते बसवून आलो.

काही दिवसांनी बाई इंजिनातले ठिणगीचे पॉइंट साफ करून घ्यायला शेडवर आल्या. बाहेर झड लागलेली. आम्ही तिघं भडंग खात, चहा पीत बसलो. गाडीचं बोलणं झालं, पावसाचं झालं. मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "काल वीज गेली होती. बाळ अर्धं बाहेर, अर्धं आत. सर्जननी मान पण वर केली नाही. वीज गेलीय हेच त्यांना नंतर कळलं."

"बाळ?" मिस्त्रींनी विचारलं.

"मुलगी आहे. छान आहे."

मिस्त्रींनी माझ्या पुढ्यातला भडंगाचा कागद स्वतःकडं ओढला, त्यातला कांदा निवडून बाईंच्या पुढं सरकवला आणि मला म्हणाले, "बसलास काय? त्यांचं पॉइंट कर की. पाऊस थांबला की जायाचं आसंल त्यास्नी."

मी उठलो आणि बॉनेट उघडलं.